दारावरची चुंबळ

आईला मी ते पहिल्यांदा व्हिडिओ कॉलवर दाखवलं तेव्हा ती जरा वेळ गप्पच झाली. मग हळूच म्हणाली, "अगं, दाराला पुष्पचक्र कशाला लावलंस?"

तिचं काही चुकलं नव्हतं. आपल्याकडे फुलांचं गोल चक्र दिसतं ते पुतळ्यापुढे, नाहीतर जवानाच्या शवपेटीवर. दाराला लावायचं ते तोरण. मी पटकन वरची फुलं सोडवली आणि नुसतं वेलीचं कडं कॅमेऱ्यापुढे धरलं. आईचा चेहरा खुलला. "आता गं बया, ही तर चुंबळ!"

खरंच चुंबळच. आजी विहिरीवरून हंडा आणायची तेव्हा लुगड्याचं जुनं फडकं पिळून, गोल वळून डोक्यावर ठेवायची, अगदी तशीच वळलेली. तेव्हापासून आमच्या घरात तिला दुसरं नाव नाही. माझी लेक इथे जन्मली, बालवाडीत दिवसभर जर्मन बोलते, पण दाराकडे बोट दाखवून म्हणते, "आई, चुंबळ बदलायची ना?"

आम्ही एसलिंगेनला राहतो. जर्मनीच्या दक्षिणेला, श्टुटगार्टला लागून, नेकार नदीच्या काठी. घर तळमजल्यावर, दार थेट अंगणात उघडतं. इथे बहुतेक दारांवर असं कडं असतं आणि ऋतू पालटला की त्याचा साज पालटतो. पहिल्या वर्षी मी रोज येता-जाता लोकांची दारंच बघत असे. कुठला सण जवळ आला हे मला कॅलेंडरच्या आधी दारांवरून कळायचं.

पहिलं कडं मी दुकानातून आणलं, नाताळच्या तोंडावर. सोबत गरम गोंदाची पिस्तूल. पाइनची फळं, खोटी लाल बोरं, फीत, सगळं भराभर चिकटवलं. दिसायला सुरेख दिसलं. जानेवारीत ते उतरवून वसंताचं काहीतरी लावावं म्हणून मी पहिलं फळ ओढलं, तर वेलीची साल सोलून हातात आली. दुसरं ओढलं तर काडीच मोडली. गोंदाचे पांढुरके धागे कोळ्याच्या जाळ्यासारखे लोंबत राहिले. तासाभरात त्या कड्याचा चोथा झाला. मी तो पानापाचोळ्याच्या डब्यात टाकायला निघाले, तर शेजारच्या आजींनी कुंपणापलीकडून थांबवलं. "त्याला गोंद आहे का? मग तो इथे नाही टाकायचा, गोंद म्हणजे प्लास्टिक." ज्या वेलीची माती व्हायला हवी होती ती मला प्लास्टिकसोबत टाकावी लागली. द्राक्षबागेत वाढलेल्या बाईला हे फार लागतं.

आजी घरात गेल्या आणि हिरव्या तारेचं एक रीळ घेऊन आल्या. "चिकटवायचं नसतं, बांधायचं असतं. आणि कडं विकत कशाला आणायचं? वर डोंगरभर वेली आहेत."

*

माझं माहेर नाशिक जिल्ह्यात, पिंपळगाव बसवंतजवळ. घराच्या तिन्ही बाजूंना द्राक्षं. आमच्याकडे वेलीला स्वस्थता नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी, डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना पेस्ट लावायची, आणि जानेवारी ते एप्रिल काढणीची धावपळ. छाटलेल्या काड्यांचे बांधावर ढीग लागायचे, त्या चुलीत जायच्या. त्या काड्यांना आम्ही कचराच समजायचो.

इथे थंडीत वेल खरोखर झोपते. एकही पान नाही, काळे खुंट आणि त्यांवर तांबूस काड्या. आमच्या गावावरच्या उभ्या चढावर दगडी बांधांच्या ओळी आहेत, त्यात ट्रोलिंगर, लेम्बर्गर अशा इथल्या जाती. छाटणी वर्षातून एकदाच, जानेवारी ते मार्चच्या दरम्यान. बागाईतदाराला इथल्या बोलीत वेंगर्टर म्हणतात. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी मी धीर करून वर गेले आणि एका वेंगर्टरना विचारलं, खाली पडलेल्या काड्या नेऊ का? ते म्हणाले, "हव्या तेवढ्या न्या, नाहीतर मी त्या बारीक करून इथेच पसरणार आहे." मी वाकून एक काडी उचलली. पेरं, डोळा, डोळ्याच्या विरुद्ध अंगाने निघालेला वाळका तणावा. हातात बाबांच्या बागेची काडी असावी तशी.

चुंबळ वळण्यासाठी काडी ताजी हवी. छाटल्यावर दोन-चार दिवसांत वळली तर रबरासारखी वळते. वाळलेली असेल तर आंघोळीच्या टबात कोमट पाणी भरून रात्रभर बुडवून ठेवायची. लांबी दोन मीटरच्या वर असली की बरं पडतं. सगळ्यांत लांब काडी घेऊन तिचा आधी एक गोल करायचा, माझा साधारण पस्तीस सेंटिमीटरचा असतो, आणि उरलेलं टोक त्याच गोलाभोवती पीळ देत फिरवायचं. दुसरी काडी पहिलीच्या टोकापाशी सुरू करायची नाही, गोलाच्या भलत्याच ठिकाणी खोवायची, म्हणजे सगळे सांधे एका जागी येत नाहीत. पीळ मात्र सगळ्यांचा एकाच दिशेला. सहा-सात काड्यांत अंगठ्याएवढी जाडी येते. तार लागत नाही, दोरा लागत नाही. टोकं आत खोवली की चुंबळ स्वतःला धरून राहते.

तणावे मी कापत नाही. त्या कुरळ्या वेटोळ्यांत पुढे वर्षभर कितीतरी गोष्टी अडकवता येतात. मग चुंबळ सपाट फळीवर ठेवायची, वर जड पुस्तकं, आणि दोन आठवडे हात लावायचा नाही. मी एकदा ती ओलीच खिळ्याला टांगली होती, ती वाळून दुधी भोपळ्यासारखी लांबट झाली.

बांधण्याची रीत मला शेजारच्या आजींनी दाखवली, पण हातांनी ती आधीच ओळखली. तीन-चार देठांची छोटी जुडी करायची, कड्यावर ठेवायची, तारेचे दोन वेढे. पुढची जुडी अशी ठेवायची की तिची पानं आधीच्या जुडीचे देठ झाकतील. पुन्हा दोन वेढे. ही तर वेणी! माझी आजी केळीच्या सोपटाने अबोलीची वेणी करायची, ती अशीच एकीवर एक. तार मी पुढच्याच वर्षी सोडली. बागकामाच्या दुकानात राफिया ताडाच्या पानाचं वाखासारखं सोपट मिळतं, इथे त्याला बास्ट म्हणतात. ते जरा ओलं करून बांधलं की वाळताना आवळून बसतं, गंजत नाही, आणि सोडवताना काडीला ओरखडा येत नाही. साज उतरवला की दोऱ्यासकट सगळं निर्माल्य, सगळं मातीत.

आणखी एक गोष्ट मी कटाक्षाने पाळते. चुंबळ पूर्ण झाकायची नाही. दोन तृतीयांश वेल उघडी ठेवायची, सजावट खाली डाव्या अंगाला एकवटायची. पूर्ण भरलेलं कडं सुंदर दिसतं, पण मग ते कशाचंही असू शकतं, गवताचं, थर्मोकोलचं. मला वेल दिसायला हवी असते.

*

वर्ष सुरू होतं मार्चमध्ये, विलोच्या रुपेरी कळ्यांनी. विलो म्हणजे आपल्या वाळुंजाच्या कुळातलं झाड. पानं यायच्या आधी त्याच्या फांदीवर मांजरीच्या पिलाच्या पंज्यासारखे मऊ करडे गोंडे येतात, आणि जर्मनमध्ये त्यांचं नावही मांजरीच्या पिलावरूनच आहे. ते रानातून तोडायचे नाहीत. १ मार्चपासून ३० सप्टेंबरपर्यंत झुडपं नि कुंपणं मोठ्या प्रमाणावर छाटायला कायद्याने मनाई असते, आणि थंडीतून बाहेर पडलेल्या मधमाश्यांना सर्वांत आधी जे खायला मिळतं त्यात हे गोंडे असतात. शनिवारच्या बाजारात बागेत वाढवलेल्या फांद्यांच्या जुड्या मिळतात, त्या घ्यायच्या. घरी आणल्यावर पाण्यात ठेवायच्या नाहीत. पाण्यात ठेवल्या की गोंडे फुलतात, पिवळी धूळ सांडते आणि आठवड्यात गळून जातात. कोरड्याच ठेवल्या तर महिनोन्महिने तशाच रुपेरी राहतात.

त्यांच्या जोडीला ईस्टरची अंडी. अंड्याला दोन्ही टोकांना सुईने भोक पाडायचं, आतला बलक सुईनेच ढवळून फुंकरीने बाहेर काढायचा, टरफल धुऊन वाळवायचं. रंग मी कांद्याच्या सालींचा करते. लासलगावचा बाजार आमच्या घरापासून काही लांब नाही, कांद्याची सालं आमच्या ओसरीवर कायम उडत असायची, पण त्यांचा इतका देखणा तांबूस रंग होतो हे मला इथे येऊन कळलं. सालं तासभर उकळायची, पाणी गार होऊ द्यायचं, त्यात चमचाभर व्हिनेगर. अंड्यावर कोथिंबिरीचं किंवा त्रिदळाचं एक पान पाण्याने चिकटवायचं, वरून जुन्या पातळ मोज्याचा तुकडा ताणून गाठ मारायची, आणि रात्रभर त्या पाण्यात. पोकळ अंडं तरंगतं, म्हणून त्याच्या आतही तेच पाणी भरायचं, मग ते बुडतं. सकाळी मोजा कापला की विटकरी अंड्यावर पानाची फिकट नक्षी, शिरेसकट. लेक ती उघडताना श्वास रोखून बसते.

पाडवा आधी की ईस्टर आधी, हा आमच्या घरातला दरवर्षीचा प्रश्न. ईस्टरचा हिशेबही चंद्रावरच चालतो: २१ मार्चला किंवा नंतर जी पौर्णिमा येईल, तिच्यानंतरचा रविवार. म्हणजे आपल्या भाषेत, कधी होळीच्या पौर्णिमेनंतर, कधी हनुमान जयंतीनंतर. २०२४ मध्ये ईस्टर ३१ मार्चला आला आणि पाडवा ९ एप्रिलला. २०२५ मध्ये उलट, पाडवा ३० मार्चला आणि ईस्टर २० एप्रिलला. हे कळल्यापासून मला तो परका सण वाटेनासा झाला.

पाडव्याला आंब्याची पानं हवीत. ती भारतातून आणता येत नाहीत. युरोपीय संघात डिसेंबर २०१९ पासून जवळपास कुठल्याही झाडाचा ताजा भाग तपासणीच्या दाखल्याशिवाय आणायला बंदी आहे. सूट आहे ती फक्त पाच फळांना: अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर. म्हणजे कलशावरचा नारळ येऊ शकतो, त्याखालची पानं नाही. पहिल्या पाडव्याला मी याने फार हिरमुसले होते. मग एके दिवशी लेकीला बालवाडीत सोडायला जाताना कुंपणाकडे नीट बघितलं. चेरी लॉरेल नावाचं झुडूप इथे घरोघरी कुंपणाला असतं. लांबट, जाड, तुकतुकीत गर्द हिरवी पानं. लांबून बघितलं तर थेट आंबा. आता शेजारच्या आजी त्यांच्या कुंपणातली एक फांदी मला पाडव्याला नि दसऱ्याला न मागता देतात. पानाचा देठ वर धरून, टोक खाली, एकेक पान सोपटात ओवायचं आणि चुंबळीच्या खालच्या अर्ध्या कडेला झालरीसारखं सोडायचं. ती दहा-बारा दिवस हिरवी राहतात. एक मात्र सांगायलाच हवं: हे पान विषारी आहे. चुरगाळलं की कडू बदामासारखा वास येतो, तीच त्याची खूण. दारावर ठीक, पण कलशात, पाण्यात, नैवेद्याच्या पानाजवळ अजिबात नाही, आणि लहान मुलांच्या हाती तर नाहीच. कडुनिंबाला मी पर्याय शोधला नाही. त्याची जागा मोकळी ठेवते.

मे ते ऑगस्ट चुंबळ जवळजवळ रिकामी असते. जूनमध्ये लॅव्हेंडरच्या काड्या लावते, कारण त्या वाळल्यावरही वास देतात. २४ जूनला इथे सेंट जॉनचा दिवस, पूर्वी त्या दिवशी पिवळ्या रानफुलांचं कडं दाराला बांधत. माझी गोव्याची मैत्रीण त्याच दिवशी तिथल्या सांजाव सणासाठी फुलापानांचा कोपेल करून डोक्यावर घालते आणि मला फोटो पाठवते. उन्हाळ्यात मला त्यापलीकडे काही करावंसं वाटत नाही. बाहेरच इतकं फुललेलं असतं.

*

माझा खरा सण दसरा. त्याची तयारी एप्रिलमध्ये सुरू होते, कारण झेंडू पेरावा लागतो.

फुलवाल्याकडे झेंडू मिळत नाही. इथे तो वाफ्याच्या कडेला लावायचं झाड आहे, तोडून ओवायचं फूल नाही. त्याला टागेटेस म्हणतात, बोलीत विद्यार्थ्यांचं फूल. बी मिळतं, पण ते थेट मातीत टाकून चालत नाही. एप्रिलमध्ये खिडकीत कपांत रोप करायचं, आणि ११ ते १५ मे हे 'बर्फाळ संतांचे' दिवस सरले की मगच बाहेर लावायचं. शेवटचा दिवस सोफीचा, तिला थंडगार सोफी म्हणतात. तिच्या आधी लावलेलं रोप एका रात्रीच्या गारठ्याने जाऊ शकतं. हे मला आजींनी सांगितलं होतं, मी ऐकलंही होतं. जे सांगितलं नव्हतं ते गोगलगायींचं. सोफी गेल्यावर मी चोवीस रोपं अंगणात लावली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नुसते देठ उभे होते, चोवीस हिरव्या काड्या. शंख नसलेल्या तपकिरी गोगलगायींना झेंडूसारखं आवडतं खाणं दुसरं नाही. त्या वर्षी दसऱ्याला माझ्या दारावर झेंडू नव्हता, आणि मी त्या दिवशी खूप रडले. फुलासाठी कोणी इतकं रडतं का, असं नवऱ्याने विचारलं नाही. पुढच्या मे महिन्यात त्यानेच पायऱ्यांच्या कठड्यावर उंच कुंड्यांसाठी फळी ठोकून दिली. तिथपर्यंत गोगलगायी पोचत नाहीत.

धान्याची तयारी जुलैत. दसऱ्याच्या तोरणात भाताच्या लोंब्या असत. इगतपुरी-त्र्यंबककडून बायका टोपल्यांत घेऊन यायच्या, झेंडूच्या शेजारी बसायच्या. इथे भात नाही, पण गहू आहे, जव आहे, ओट आहे. गावाबाहेरच्या एका शेतकऱ्याला विचारून मी जुलैमध्ये, कापणीच्या आधी, दोन-दोन मुठी ओंब्या कापून आणते. पूर्ण पिकायच्या थोडं आधी कापायच्या, नाहीतर हात लावला की दाणे झडतात. दोरीला उलट्या टांगून अंधाऱ्या माळ्यावर वाळवायच्या, म्हणजे रंग सोनेरी राहतो आणि मान ताठ. जवाची कुसळं स्वेटरमध्ये अडकतात, बोटांना टोचतात. पण ओवल्यावर उन्हात जो झळाळ त्या कुसळांना येतो तो गव्हाला येत नाही.

२०२५ मध्ये दसरा २ ऑक्टोबरला, गुरुवारी होता. त्याच आठवड्यात रविवारी, ५ तारखेला, इथला सुगीचा सण. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये वेदीपुढे भोपळे, सफरचंदं, द्राक्षं, पाव मांडतात, धान्याच्या ओंब्यांचा मुकुट करून टांगतात आणि पिकाबद्दल देवाचे आभार मानतात. बुधवारी रात्री, मुलगी झोपल्यावर, मी टेबलावर जुनं धोतर अंथरलं आणि सगळं मांडलं. आधी चेरी लॉरेलची झालर. त्यावर ओंब्यांच्या जुड्या, गहू-जव-गहू-जव, एकीचे देठ दुसरीने झाकत. मग झेंडू. झेंडूला सोपट चालत नाही, फूल जड असतं, गाठीपाशी देठ मोडतो. त्याला सुई-दोराच. सुई फुलाच्या मधोमध न घालता खालच्या हिरव्या पेल्यातून आडवी काढायची, म्हणजे पाकळ्या विस्कटत नाहीत. एकवीस फुलांची माळ झाली. ती ओंब्यांच्या मुळाशी तीन पदरी गुंडाळली. शेवटी घटातलं धान, नऊ दिवसांचे पिवळसर कोंब, त्यातली चिमूटभर जुडी एका तणाव्यात अडकवली. नाशिकला बाबा ती टोपीत खोवतात.

सकाळी दाराला लावली तेव्हा धुकं होतं. झेंडूचा तो उग्र, ओला वास धुक्यात मिसळून आला, आणि मी काही क्षण कुठे उभी आहे हेच मला उमगेना.

दुपारी शेजारच्या आजी आल्या. त्या जवळच्याच खेड्यात शेतकऱ्याच्या घरी वाढलेल्या. दारापाशी बराच वेळ उभ्या राहिल्या, एका गव्हाच्या ओंबीला बोट लावलं, आणि म्हणाल्या, "आमच्या घरी असंच असायचं. पण ही नारिंगी फुलं नव्हती." मी त्यांना आपट्याचं पान नाही पण मुठीएवढे गहू दिले, सोनं म्हणून. त्यांनी ते ॲप्रनच्या खिशात ठेवले. रविवारपर्यंत मी चुंबळीला हात लावला नाही. दोन्ही सण एकाच साजावर झाले. थंडीमुळे झेंडू दहा दिवस टिकला. नाशिकला दुसऱ्याच दिवशी मान टाकतो.

*

दिवाळीला फार काही करावं लागत नाही, कारण निसर्गाने आधीच केलेलं असतं. इथे एक झाड आहे, त्याच्या फळाभोवती कागदासारखं नारिंगी आवरण फुगतं, हुबेहूब आकाशकंदील. जर्मनमध्ये त्याचं नावच 'कंदिलाचं फूल'. लेकीनेच ते बाजारात पहिल्यांदा ओळखलं, "आई, बाळ-आकाशकंदील!" दसऱ्याच्या ओंब्या राहू देते, झेंडू उतरवते, त्या जागी हे कंदील. दिव्यांची माळ बॅटरीवरची. पणती चुंबळीच्या जवळपासही नको: वाळलेली वेल चुलीत कशी भडकते हे मी लहानपणापासून बघितलंय.

नोव्हेंबरमध्ये चुंबळ पुन्हा उघडी. ॲडव्हेंट म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांचा काळ. तो सुरू होण्याआधीचा रविवार इथे मृतांच्या स्मरणाचा असतो, लोक कबरींवर हिरवी कडी ठेवून येतात, आणि जुन्या वळणाची माणसं तोवर घरात नाताळचं काही लावत नाहीत. आई पहिल्या दिवशी जे म्हणाली होती ते इथेही खरं आहे तर. वस्तू तीच, कबरीवरही आणि दारावरही. मी तो आठवडा पाळते.

मग चुंबळ दारावरून उतरते आणि टेबलावर आडवी होते. ॲडव्हेंटच्या चार रविवारांना चार मेणबत्त्या. या रिवाजाची गोष्ट मला फार आवडते. १८३९ मध्ये हांबुर्गला योहान हिनरिष विषर्न नावाचे धर्मशास्त्राचे अभ्यासक गरीब मुलांसाठी संस्था चालवत होते. नाताळ कधी येणार म्हणून मुलं रोज विचारत. त्यांनी गाडीचं एक जुनं लाकडी चाक घेतलं आणि त्यावर मेणबत्त्या लावल्या: रविवारच्या चार मोठ्या पांढऱ्या, इतर दिवसांच्या वीस लहान लाल. रोज एक पेटवायची, मुलांनी मोजायचं. हिरव्या फांद्या त्यावर नंतर आल्या. मुलांना दिवस मोजता यावेत म्हणून केलेली वस्तू आज घरोघरी आहे. फांद्या मी नॉर्डमान फरच्या घेते. स्प्रूस स्वस्त असतो, पण तापवलेल्या खोलीत आठवड्यात त्याच्या सुया टेबलभर पडतात. मेणबत्तीखाली टोकदार खिळ्याची पत्र्याची बशी असलीच पाहिजे, आणि सगळे खोलीतून उठले की ज्योत विझवायची.

६ जानेवारीनंतर फर उतरतो. संक्रांतीला एकच गोष्ट: आजीच्या चंद्रकळेचा काठ. लुगडं विरलं होतं, आईने काठाची पट्टी कापून पाठवली. ती काळी पट्टी नुसत्या वेलीवर एक वेढा देऊन बांधते. बाहेर बर्फ, दारावर काळा काठ. वर्षभरातला सर्वांत साधा साज तो, आणि मला सर्वांत जवळचा.

*

चुंबळ तीन वर्षं टिकते. मग काड्या ठिसूळ होतात, साल सुटते. यंदा फेब्रुवारीत चंद्रकळेची गाठ सोडवताना वरची काडी कटकन मोडली. या खेपेस मला वाईट वाटलं नाही. तिच्यात गोंदाचा थेंब नव्हता, तारेचा तुकडा नव्हता. मी ती पिशवीत घातली आणि लेकीला घेऊन वर मळ्यात गेले. तेच वेंगर्टर छाटणी करत होते. जुनी चुंबळ हातांनी मोडून आम्ही वेलींच्या ओळीत पसरली. त्यांनी नव्या काड्यांची मोळी बांधून दिली.

तेवढ्यात बाबांचा फोन आला. नाशिकला दुपारचे अडीच वाजले होते, काढणी चालू, मागे क्रेटचा आवाज. मी कॅमेरा वेलीकडे वळवला. बाबांनी चष्मा वर केला. "खुंटावर एकच काडी राखली? बाकी सगळी काढली? विचार त्यांना, डोळे किती ठेवतात."

मी विचारलं. वेंगर्टरनी काडीवर बोट ठेवून एकेक डोळा मोजून दाखवला, दहा. लेकीने मराठीत मोठ्याने सांगितलं, "आजोबा, दहा!"

"बरोबर आहे," बाबा म्हणाले, "थंडी आहे ना तिकडे." आणि मग, "त्यांच्या हातातली कात्री दाखव बरं जवळून."

घरी येऊन आम्ही टबात कोमट पाणी सोडलं.